हॉकीचं दुकान विकत घ्यावं का? कंपन्या, ऑनलाइन विक्री आणि धार लावायचं यंत्र

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही ऑन्टारिओत मिल्टनला राहता. मुलगी आइस हॉकी खेळते. तिचे स्केट ज्या दुकानातून घेता, त्याचे मालक सत्तरी ओलांडून गेलेत, मुलांना धंद्यात रस नाही, म्हणून ते दुकान विकायचं म्हणताहेत. यजमानांची आयटीतली नोकरी गेली, हाती थोडी पुंजी आहे. दुकान घ्यावंसं वाटतंय. पण जो तो सांगतोय की मोठ्या कंपन्यांनी आणि ऑनलाइन विक्रीने ही दुकानं संपवली आहेत. तेव्हा घ्यावं की नाही?

मी टोरांटोच्या परिसरात हॉकीच्या दुकानांत बावीस वर्षं काढली. सुरुवात शनिवार-रविवार स्केटना, म्हणजे बर्फावर घसरायच्या बुटांच्या पात्यांना, धार लावण्यापासून केली, मग कंपन्यांकडे मालाचं बुकिंग माझ्याकडे आलं, पुढे एका दुकानात भागीदारी झाली. माझं उत्तर आधीच सांगतो. भिंतीवरच्या मालासाठी दुकान घेणार असाल तर घेऊ नका. मागच्या खोलीत जे काम चालतं त्यासाठी घेणार असाल, तर जरूर विचार करा. असं का म्हणतो ते आता सविस्तर लिहितो, कारण तुमची आयुष्यभराची बचत यात जाणार आहे.

मी कामाला लागलो ते साल २००३. तेव्हा आमच्या स्टिकच्या भिंतीवर ईस्टन, कोहो, टायटन, शेरवुड, बॉअर, सीसीएम अशी ओळीने नावं असायची. हेल्मेट आणि पॅडच्या बाजूला जोफा, इटेक, मिशन. ईस्टनची एकसंध कार्बनची सिनर्जी स्टिक बाजारात येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि लाकडी स्टिकवाली मुलं काचेला नाक लावून तिच्याकडे बघत उभी राहायची. आज तीच भिंत बघा. निम्म्याहून जास्त जागा दोन कंपन्यांनी व्यापलेली असते, बॉअर आणि सीसीएम. उरलेल्या जागेत वॉरियर, ट्रू आणि एखाद-दुसरं नाव. बाकीची नावं खपत नव्हती म्हणून गेली असं नाही. बहुतेक विकत घेतली गेली आणि मग बंद केली गेली.

सीसीएमचं पूर्ण नाव कॅनडा सायकल अँड मोटर. १८९९ साली कॅनडातल्या सायकल कारखानदारांनी आपापले धंदे एकत्र करून ती काढली, म्हणजे तिचा जन्मच विलीनीकरणातला. सायकलींचा खप ओसरला तसं १९०५ च्या सुमारास स्केट बनवणं सुरू झालं. १९८३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांकडे आली आणि पुढे ‘द हॉकी कंपनी’ या नावाखाली कोहो आणि जोफाही तिच्याच छताखाली आले. २००४ मध्ये रीबॉकने ती घेतली. २००६ मध्ये रीबॉकच आदिदासच्या पोटात गेली. २०१७ मध्ये आदिदासने सीसीएम टोरांटोच्या बर्च हिल या गुंतवणूक कंपनीला सुमारे ११ कोटी अमेरिकी डॉलरना विकली आणि २०२४ मध्ये ती स्वीडनच्या आल्टोर या गुंतवणूकदारांकडे गेली.

बॉअरची गोष्टही तशीच. १९२७ मध्ये ऑन्टारिओतल्या किचनर गावात, एका बूट बनवणाऱ्या घराण्याने सुरू केलेला हा धंदा. १९९० च्या दशकात नायकीने घेतला, २००८ मध्ये २० कोटी डॉलरना विकून टाकला. नव्या मालकांनी लगेच मिशन-इटेक घेतली, मग लॅक्रॉस या दुसऱ्या खेळाच्या सामानाच्या कंपन्या, मग २०१४ मध्ये ३३ कोटी डॉलर मोजून ईस्टनचा बेसबॉलचा धंदा, आणि २०१६ च्या जानेवारीत ईस्टनची हॉकीसुद्धा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ही सगळी मोट, परफॉर्मन्स स्पोर्ट्स ग्रुप हे तिचं नाव, दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. २०१७ मध्ये सगार्ड आणि फेअरफॅक्स या दोन गुंतवणूकदारांनी ती ५७.५ कोटी डॉलरना उचलली. २०२४ च्या अखेरीस सगार्डचा वाटाही फेअरफॅक्सने घेतला. ईस्टनच्या हॉकी स्टिकला भिंतीवरची जुनी जागा मात्र परत मिळाली नाही.

ही सनावळी सांगण्याचं कारण आहे. मालक बदलत जातो तसा त्याचा हिशोबही बदलतो. बूट बनवणाऱ्या घराण्याला पुढच्या पिढीपर्यंत धंदा टिकवायचा होता. गुंतवणूक कंपनीला काही वर्षांत तो वाढवून पुढे विकायचा असतो. आता हॉकी खेळणारी मुलं काही दरवर्षी दीडपट होत नाहीत. मग विक्रीचा आकडा वाढणार कुठून? माझ्या पाहण्यात दोनच वाटा आल्या. एक, किंमत वाढवायची: वरच्या दर्जाची स्टिक आज कॅनडात ४०० डॉलरच्या पुढे गेली आहे आणि स्केट हजाराच्या पुढे. दुसरी, माल गिऱ्हाइकाने घेण्याआधीच दुकानदाराच्या गळ्यात घालायचा. छोट्या दुकानाला मारते ती ही दुसरी वाट, आणि बाहेरच्या माणसाला ती दिसतच नाही.

तिचं नाव बुकिंग. हे नीट समजून घ्या, कारण दुकान घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तुमच्या टेबलावर येईल. कंपनीचा प्रतिनिधी पुढच्या हंगामाचे नमुने घेऊन येतो. कुठल्या मॉडेलचे किती जोड, कुठले साइझ, किती रुंदीचे, हे सगळं तुम्हाला कित्येक महिने आधी लिहून द्यायचं असतं. माल उन्हाळ्यात येतो, पैसे शरद ऋतूत भरायचे. जितकं जास्त बुकिंग तितकी जास्त सूट, आणि सूट स्लॅबमध्ये. छोटं दुकान नेहमी दोन स्लॅबच्या मधोमध अडकलेलं असतं. प्रतिनिधी, आणि हे बहुतेक भले लोक असतात, समोर कॅल्क्युलेटर ठेवून सांगतो, अजून वीस जोड घेतलेत तर सगळ्या मालावर तीन टक्के जास्त सुटतील. तुम्ही हिशोब करता, फायदा दिसतो, सही करता. ते वीस जोड कुठल्या पायात जाणार हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं.

पूर्वी आठ-दहा कंपन्या होत्या तेव्हा एकीने जास्त ताणलं तर दुसरीकडे वळता यायचं. कोहोवाला ऐकत नसेल तर ईस्टनवाला ऐकायचा. आता दोघांपैकी एकाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे निम्मी भिंत रिकामी ठेवणं. आम्ही स्वतः हे भोगलंय. एका वर्षी एका मोठ्या पुरवठादाराने खात्यांची वर्गवारी बदलली आणि आमचं खातं एक पायरी खाली गेलं. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरलेलं खातं. परिणाम असा, की त्या हंगामाचं सगळ्यात वरचं स्केट मोठ्या साखळी दुकानांत आलं आणि आमच्याकडे सहा आठवड्यांनी. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, आम्ही हात जोडायचो. ज्या मुलांच्या पायांची मापं आम्ही ती पाच वर्षांची असल्यापासून घेत होतो, ती त्या वर्षी दुसरीकडे गेली. काही परत आली, काही आली नाहीत.

परफॉर्मन्स स्पोर्ट्स ग्रुप बुडाली तेव्हा तिच्या भागधारकांनी कोर्टात जो आरोप केला तो याच जातीचा होता: पुढच्या तिमाहीतल्या ऑर्डरी दुकानदारांवर दबाव आणून अलीकडच्या तिमाहीत ओढल्या, मागणी आहे की नाही ते बघितलंच नाही. कोर्टातला आरोप हा आरोपच असतो, पण वाचला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. त्या २०१६ साली एकामागोमाग एक पडझड झाली. मार्चमध्ये अमेरिकेतली स्पोर्ट्स ऑथॉरिटी दिवाळखोरीत गेली आणि तिची दुकानं बंद झाली. जुलैत टोटल हॉकी ही फक्त हॉकीच्या मालाची मोठी साखळी बसली आणि तिची मालमत्ता प्युअर हॉकी या दुसऱ्या साखळीने घेतली. कंपन्यांनी ढकललेला माल, दुकानांनी उधारीवर भरलेली गोदामं, आणि मग दिवाळखोरीतल्या मालाचा सेल. त्या सेलच्या किमती इंटरनेटवर सगळ्यांना दिसत होत्या. कोणाचंही देणं न थकवलेल्या दुकानदाराच्या कपाटातल्या मालाची किंमतसुद्धा त्या आठवड्यात पडली.

कॅनडात विक्रीच्या बाजूचं एकत्रीकरण एकाच नावाभोवती झालं, कॅनेडियन टायर. नावात टायर असलं तरी ही दुकानांची मोठी साखळी. २०११ मध्ये त्यांनी फोरझानी ग्रुप घेतला, म्हणजे स्पोर्ट चेक वगैरे दुकानं. २०१३ मध्ये प्रो हॉकी लाइफ. आणि २०१८ मध्ये शेरवुड हे नावच विकत घेतलं. शेरवुड म्हणजे क्वेबेकची १९४९ पासूनची स्टिक, लाकडी स्टिकचं दुसरं नाव. तिचं लाकडी उत्पादन कंपनीने २००७ मध्येच थांबवलं होतं. आता विकणाराच त्या नावाचा मालक आहे. बॉअरने उलट बाजूने तेच करून बघितलं: २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टनला स्वतःचं मोठं दुकान काढलं. ज्यांच्या दुकानांनी आयुष्यभर बॉअरचा माल विकला, त्यांच्याच समोर पुरवठादार गल्ला टाकून बसला. मला आजही तो निर्णय चुकीचा वाटतो.

आता ऑनलाइनकडे वळतो. इथे लोक सरसकट बोलतात आणि फसतात. हॉकीचा सगळा माल ऑनलाइन सारख्या प्रमाणात जात नाही.

स्टिक सगळ्यात आधी गेली. कारण सांगतो. मी लागलो तेव्हा प्रत्येक कंपनीच्या पात्याचा बाक वेगळा, नाव कुठल्यातरी खेळाडूचं. मुलगा दुकानात येऊन दहा स्टिका हातात घेऊन, टेकवून, वाकवून बघायचा. हळूहळू सगळ्यांनी त्याच तीन-चार बाकांवर बस्तान बसवलं: पी-९२, पी-२८, पी-८८. एकदा मुलाला कळलं की आपला बाक पी-९२, फ्लेक्स, म्हणजे दांडा किती वाकतो ते, ६५, डावा हात, की पुढची स्टिक तो झोपायच्या आधी फोनवरून मागवतो. त्याला माणूस कशाला हवा? स्टिक हा पूर्वी आमचा सगळ्यात चलतीचा माल होता. त्यातला बराचसा धंदा गेला आणि तो परत येणार नाही, असंच धरून चाला.

पॅड, हातमोजे, हेल्मेट यांचं मधलं आहे. पहिल्यांदा खेळायला येणारं मूल दुकानात येतं, कारण आईबापांना काय काय लागतं हेच माहीत नसतं. आपल्या मराठी घरांत तर मी हे शेकडो वेळा बघितलं. पहिल्या दिवशी वडील यादी घेऊन येतात आणि कोपरांची पॅड गुडघ्याला लावून बघतात. त्यांच्याजवळ अर्धा तास बसून सगळं अंगावर चढवून दाखवलं, की ते घर दहा वर्षं तुमचं होतं. दुसऱ्या मुलाच्या वेळी मात्र निम्मं सामान ऑनलाइन येतं, हेही खरं.

स्केटचं वेगळं आहे. स्केट पायात घालूनच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त जीव तिथे तुटतो. एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरचा शनिवार, दुकान गच्च. दहा वर्षांचा मुलगा, बरोबर वडील. मी मुलाच्या जुन्या स्केटमधला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, काढला, त्यावर त्याला उभं केलं, बोटं कुठे येतात ते बघितलं. नव्या बुटात पाय घालून टाच मागे आपटायला लावली. नाडी न बांधता, समोरच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवली. पेन्सिल पायाच्या वरच्या भागाला टेकली आणि दोन्ही कडांना पोचली नाही, म्हणजे बूट त्याच्या पायाला उथळ. तो जोड बाजूला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा बसला. मुलगा उठून दोन पावलं चालला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासाठीच मी हे काम करतो. चाळीस मिनिटं गेली होती. वडिलांनी खोका उचलला, त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला, ‘घरी बोलून सांगतो’ म्हणाले आणि गेले. पुढच्या शनिवारी तोच मुलगा तेच स्केट घेऊन धार लावायला आला, ऑनलाइन घेतलेले, पन्नास डॉलर स्वस्त.

मी त्या वडिलांना दोष देत नाही. पन्नास डॉलर घराच्या हिशोबात मोठे असतात आणि हा खेळ आधीच महाग आहे. चूक आमची होती. चाळीस मिनिटांचं कसब आम्ही फुकट देत होतो आणि त्याची किंमत खोक्यातून वसूल होईल या आशेवर बसलो होतो. आता तर पाय मोजायचे स्कॅनर आलेत. ते पायाचं माप काढून कुठल्या मॉडेलची कुठली फिट हे पडद्यावर दाखवतात. यंत्र तुमच्या दुकानात, वेळ तुमचा, आणि माहिती गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये.

इथे एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. नव्या मॉडेलवर त्या जाहिरातीची किमान किंमत ठरवून देतात, तिला धंद्यात एमएपी म्हणतात. त्यामुळे मॉडेल नवं असेपर्यंत ऑनलाइनवालासुद्धा त्याखालची किंमत झळकवू शकत नाही. तेवढे महिने छोट्या दुकानाला श्वास मिळतो. पण एका मालिकेतलं मॉडेल साधारण दोन वर्षांत बदलतं. बॉअरचं व्हेपर, सुप्रीम, सीसीएमचं जेटस्पीड, टॅक्स, आळीपाळीने. नवं जाहीर झालं की जुन्यावरचं बंधन सुटतं आणि मोठे विक्रेते एका रात्रीत किंमत खाली आणतात. त्या रात्री तुमच्या कपाटात जितके जोड असतील, तितकं तुमचं नुकसान. म्हणून स्लॅब गाठायला घेतलेले ते वीस जोड मी तुम्हाला आधी दाखवले.

माझ्या पहिल्या मालकांची एक सवय होती. माल आला की प्रत्येक खोक्याच्या तोंडावर काळ्या मार्करने महिना आणि साल लिहायचे. जानेवारीत, सिझनचा जोर ओसरला की मला मागच्या खोलीत न्यायचे आणि एक वर्षापेक्षा जुनी तारीख असलेले खोके मोजायला लावायचे. ‘हे खोके भाडं देत नाहीत, पण जागा खातात,’ एवढंच म्हणायचे. त्या दुकानाची खरी जमाखर्चाची वही म्हणजे ती खोक्यांची तोंडं होती. तुम्ही दुकान बघायला जाल तेव्हा हिशोबनीसाने छापून दिलेला ताळेबंद बघाच, पण मागच्या खोलीतही जा. मालक मालाची किंमत खरेदीच्या भावाने लावतील. तो भाव मान्य करू नका. एकेका खोक्याचं मॉडेल घ्या, आज तेच ऑनलाइन काय भावाने मिळतं ते बघा, आणि त्याच्याही खाली बोला. दोन मॉडेल मागचा माल असेल तर तो त्यांनाच सेल लावून संपवू द्या. त्यांना वाईट वाटेल. पण त्यांच्या जुन्या बुकिंगचं ओझं तुम्ही खांद्यावर घेऊ नका.

आता मागच्या खोलीतलं काम. धार. स्केटचं पातं खालून सपाट नसतं, मध्ये खोलगट असतं आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. ती खोलगटी किती, हे चाकावर हिऱ्याच्या टोकाने आकार देऊन ठरवतात. साधारण अर्धा इंच त्रिज्या. हलक्या मुलांना थोडी खोल, वजनदार खेळाडूला उथळ. दोन्ही कडा एका पातळीत आल्या नाहीत तर मूल एका बाजूला वळताना घसरतं, आणि आईबापांना वाटतं त्याला जमत नाही. चांगली धार लावणारा माणूस रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नावाने ओळखला जातो. याचे आठ-दहा डॉलर मिळतात, माल लागतो नगण्य, पाच-सात मिनिटं जातात. नियमित खेळणारं मूल दर दोन-तीन आठवड्यांनी येतं. तीनशे घरं तुमच्याकडे धार लावत असतील, तर सप्टेंबर ते मार्च त्या पैशांतून भाड्याचा मोठा भाग निघतो. आणि त्यांतलं प्रत्येक घर वर्षातून दहा वेळा तुमच्या दारात येतं. असं पाऊल कुठल्याही वेबसाइटकडे नाही.

त्यावरही घाव आला आहे, ते लपवत नाही. स्पार्क्ससारखी घरगुती यंत्रं निघाली आहेत. दोन-तीन मुलं खेळणारं घर ते यंत्र घेतं आणि धारेचं गिऱ्हाईक कमी होतं. पात्याची लांबीतली गोलाई बदलायचं काम, ज्याला प्रोफाइलिंग म्हणतात, ते मात्र घरी होत नाही. त्याला साचे लागतात, मोठं यंत्र लागतं आणि खेळाडू कसा उभा राहतो हे बघणारी नजर लागते. आम्ही त्या यंत्रात पैसे घातले तेव्हा घरात वाद झाला होता. आज मला वाटतं ते आधीच घ्यायला हवं होतं. गोलकीपरच्या पॅडचे पट्टे बदलणं, रिव्हेट, भट्टीत बूट तापवून पायावर बसवणं, बाहेरून घेतलेले स्केट पायाला टोचत असतील तिथे फुगवून देणं, ही सगळी कामं अशीच आहेत. प्रत्येकाचा दर भिंतीवर लावा. माप घेऊन देण्याचाही दर लावा, आणि स्केट तुमच्याकडून घेतला तर तेवढी रक्कम बिलातून वजा करा. आम्ही तो फलक लावला तेव्हा पहिला महिना काही जण तोंड फिरवून गेले. त्यानंतर मला फोटो काढून जाणारे वडील फारसे दिसले नाहीत. जे ऑनलाइनच घेणार होते ते माप घ्यायचे पैसे देऊन, आभार मानून गेले.

मालाच्या बाजूने तीन गोष्टी सांभाळा. पहिली, पुरवठादारांची खाती आपोआप तुमच्या नावावर येतील असं समजू नका. व्यवहार ठरायच्या आधी दोन्ही मोठ्या कंपन्यांकडून लेखी विचारून घ्या, की खातं चालू राहणार का आणि कुठल्या वर्गात. दुसरी, एकटं राहू नका. सोर्स फॉर स्पोर्ट्ससारखे गट आहेत, त्यात दुकानं ज्याची त्याची स्वतंत्र असतात आणि खरेदी मिळून होते. ट्रूसारख्या तिसऱ्या पुरवठादारालाही भिंतीवर जागा द्या. विनिपेगमध्ये हाताने एकसंध बूट बनवणारी व्हीएच नावाची छोटी कंपनी होती, ती २०१६ मध्ये ट्रूने घेतली. त्यांचा बूट भट्टीत तापवून पायावर बसवायचा असतो, म्हणजे दुकानाशिवाय त्याचं पूर्ण काम होत नाही. अशा मालाला तुमची गरज असते. तिसरी, वापरलेल्या मालाचा कोपरा ठेवा. मुलांचे पाय एका हंगामात वाढतात, जुने स्केट चांगले असतात. ते घ्या, धार लावा, पुढच्याला द्या. त्यात बुकिंग नाही, स्लॅब नाही, आणि पहिल्यांदा खेळणारं घर परवडत नाही म्हणून परत जात नाही. नव्याने आलेल्या आपल्या लोकांसाठी हा कोपरा किती मोलाचा असतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

डॉलरचंही भान ठेवा. २०११-१२ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या बरोबरीला होता तेव्हा आमची गिऱ्हाइकं गाडी काढून सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोला खरेदीला जायची. २०१६ च्या जानेवारीत तो सत्तर सेंटच्या खाली गेला, तेव्हा बफेलोची गर्दी थांबली, पण आमच्या मालाचे भाव वाढले. दोन्ही वेळा तोटा वेगवेगळ्या दाराने आत आला. बुकिंगवर सही करताना भाव कुठल्या चलनात पक्का झालाय ते विचारा.

यजमानांबद्दल एक. ते आयटीतले आहेत म्हणून पहिलं डोक्यात येईल ते मोठी वेबसाइट काढून देशभर माल विकायचं. ते करू नका. त्या स्पर्धेत ज्याचं गोदाम मोठं तो जिंकतो. त्यांचं कसब दुसरीकडे वापरा: धार लावायची वेळ फोनवरून ठरवता यावी, प्रत्येक मुलाची खोलगटी, बुटाचा साइझ, शेवटची धार कधी, याची नोंद राहावी, स्केट लहान होत आले की आईबापांना निरोप जावा. आमच्याकडे हे सगळं एका वहीत होतं. ती वही भिजली त्या दिवशी आम्ही सगळे हादरलो होतो.

शेवटी व्यवहाराचं. भाडेपट्टा किती वर्षांचा उरलाय आणि दुकान ज्या रिंकच्या आधारावर चालतं, त्याचं पालिका किंवा मालक पुढे काय करणार आहेत, हे वकिलाकडून काढून घ्या. रिंक हललं तर दुकानाला अर्थ नाही. करारात अशी अट घाला की मालकांनी पहिला पूर्ण हंगाम आठवड्यातून तीन दिवस यावं आणि यजमानांना यंत्रावर शिकवावं. त्याचे वेगळे पैसे द्या, कमी देऊ नका. धार लावायचा हात बसायला किमान काही शे जोड लागतात, आणि सुरुवातीचे जोड घरच्या जुन्या पात्यांवर करा, कोणाच्या मुलाच्या स्केटवर नको.

आणि सही करण्याआधी एक शनिवार तिथे काढा. ऑक्टोबरमधला, सकाळी साडेसहाला, पहिल्या सामन्यांच्या आधी. मालकांना सांगून कोपऱ्यात उभ्या राहा. गल्ल्याकडे बघू नका. धारेच्या खिडकीवर किती जण येतात ते दहा वाजेपर्यंत मोजा, त्यांतले किती जण मालकांना नावाने हाक मारतात ते मोजा, आणि ते दोन आकडे मला कळवा. मग किमतीचं बोलू.